फिरत्या थाळीचा लगाम

वेग वाढला की तो सर्वांच्या नजरेत भरतो. वेग स्थिर राहिला तर त्याची दखल कोणी घेत नाही. घड्याळ बरोबर चालते तोवर आपण त्याच्या आतील यंत्राचा विचार करीत नाही, आणि घरातला पंखा एका चालीने फिरतो तोवर त्याच्याकडे मान वर करून पाहत नाही. परंतु एखादी वस्तू अचूक एकाच वेगाने फिरत ठेवणे हे तिला नुसते वेगाने फिरविण्याहून पुष्कळच अवघड काम आहे. ते कसे साधते, हे या वेळी पाहू. त्यासाठी आपल्याला एखाद्या प्रयोगशाळेत जावयाचे नाही. बेंगळुरूच्या इंदिरानगर भागातील एका मराठी घराच्या दिवाणखान्यात जावयाचे आहे.

इंदिरानगर म्हटले की आज शंभर फुटी रस्त्यावरील दुकानांची रोषणाई डोळ्यांसमोर येते. शहरातील पहिली मेट्रो २०११ सालच्या ऑक्टोबरात धावली, तीही याच भागातून. मात्र मुख्य रस्ता सोडून आत वळले की अंगण असलेली जुनी घरे अजून आढळतात. अशाच एका घरात मूळचे बेळगावचे एक कुटुंब राहते. घरातल्या आजींचे वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या माहेराहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत लाखेच्या पंचवीस-तीस तबकड्या आहेत. दहा इंची, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या. ज्या ग्रामोफोनवर त्या वाजत त्याची स्प्रिंग केव्हाच तुटली, आणि तबकड्या ट्रंकेतच राहिल्या.

गेल्या दिवाळीत आजींच्या मुलाने एक नवे यंत्र आणले. पहिली तबकडी लागली, घरातील सर्व मंडळी आनंदली. आजी मात्र गप्प होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गाणं तेच आहे, पण सूर अण्णांचा नाही.” अण्णा म्हणजे त्यांचे वडील. संध्याकाळी तबकडी लावून ते पेटीवर तिला साथ धरीत, आणि या तबकडीच्या वेळी त्यांचे बोट काळी दोनवर पडे, हे आजींना पक्के आठवत होते. ती पेटी अजून घरात आहे. नव्या यंत्रावर गाण्याचा षड्ज काळी दोनच्या किंचित वर लागत होता. शिवाय तो एका जागी उभाही राहत नव्हता. सुई टेकली की गळा जरा उतरे, मग हळूच चढे.

आजींची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. ती म्हणाली, “आजी, मी तुला अण्णांचा सूर काढून देते.” आजी म्हणाल्या, “आधी तुझी परीक्षा नीट दे.” परंतु काम लांबणीवर टाकण्याजोगे नव्हते. आजींना एका कानाने आता ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या कानाचा भरवसा डॉक्टरही देत नाहीत. शेजारधर्माने मी या उद्योगाचा साक्षी झालो, म्हणून ही हकीकत आपणांस सांगता येते.

प्रथम वेगाचा आणि सुराचा संबंध पाहू. जुनी तबकडी म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, असा आपला समज असतो. तो पुष्कळ अंशी खरा असला तरी पूर्ण खरा नाही. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षे निरनिराळ्या मुद्रणांचे वेग कमीजास्त असत, काहींचे सत्तरीच्या आसपास, तर काहींचे ऐंशीच्या वर. ७८ हा आकडा मागाहून रूढ झाला. ज्या वेगाने मुद्रण झाले त्याहून अधिक वेगाने तबकडी फिरविली की स्वर त्याच प्रमाणात चढतो. कमी वेगाने फिरविली की उतरतो. आता आपल्या संगीतातील प्रमाणश्रुती घ्या. ती ८१ आणि ८० या संख्यांच्या गुणोत्तराने सांगतात. म्हणजे फरक ऐंशीव्या हिश्श्याचा. ७८चा ऐंशीवा हिस्सा म्हणजे जवळजवळ एक. याचा अर्थ असा की थाळी मिनिटाला एक फेरा चुकली तर गायकाचा गळा एका श्रुतीने चुकतो. आजींच्या कानाला जे खटकले ते हेच होते.

मुलीने शहरातील एस. पी. रोडवरच्या दुकानांतून एक लहान मोटर, ॲल्युमिनियमची जड थाळी, रबराचा पट्टा आणि हिशेब करणारी एक इवलीशी संगणक-चकती आणली. पहिला विचार साधा होता: मोटरला नेमकी किती वीज दिली असता थाळी ७८ फेरे करते ते एकदा शोधावे आणि तेवढीच देत राहावे. तसे केले. सकाळी थाळी बरोबर फिरली. तासाभराने तेल पातळ झाले आणि वेग वाढला. सुई टेकताच खरखरीत खाचेचे घर्षण आड आले आणि वेग घटला. सुई तबकडीच्या मध्याकडे सरकली तसा तिचा अडथळा कमी झाला आणि वेग पुन्हा बदलला. डोळे मिटून चालणाऱ्या माणसाने पावले कितीही मोजली तरी तो सरळ रेषेत चालत नाही. तसाच हा प्रकार.

उपाय एकच. यंत्राला डोळे द्यावयाचे. थाळीचा प्रत्यक्ष वेग मोजावा, तो हव्या असलेल्या वेगाशी ताडून पाहावा, आणि जी चूक दिसेल तिच्यावरून मोटरची वीज कमीजास्त करावी. केलेल्या कामाचा परिणाम फिरून काम करणाऱ्यापाशी पोचविणे, यालाच शास्त्रात प्रत्याभरण म्हणतात. ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. पूर्वी गावोगावी पिठाच्या गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत. दळण घातले की इंजिनाचा आवाज क्षणभर दबे आणि लगेच सावरे. दळण संपले की ते उधळत नसे. ही करामत त्यातील गव्हर्नरची. इंग्लंडात जेम्स वॉट याने १७८८च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसविला. इंजिन वेगाने फिरू लागले की त्यावरील दोन जड गोळे दूर फाकत आणि वाफेची झडप आवळीत. वेग मंदावला की गोळे खाली येत आणि झडप उघडीत. आजींच्या मोडलेल्या ग्रामोफोनच्या पोटातही वजने लावलेला असाच एक फिरता गव्हर्नर होता. तेव्हा नातीने नवे काही केले नाही. पणजोबांच्या यंत्रातील गोळ्यांच्या जागी फक्त आकडे आणले.

आता खरी परीक्षा सुरू झाली, ती या नियंत्रकाची जुळणी करण्याची. चूक कळली, पण तिच्यावर इलाज किती करावा? पहिला नियम सहज सुचणारा आहे: जेवढी चूक, त्या प्रमाणात वीज. याला अनुपाती नियंत्रण म्हणतात. याचे गणित सोपे आहे, ते अवश्य पाहा. समजा, मोटरला जितकी एकके वीज द्यावी तितके फेरे थाळी मिनिटाला करते. आपल्याला हवेत ७८ फेरे. चुकीच्या तिप्पट वीज द्यावयाची असे ठरविले. थाळी वेग घेत ५८.५ फेऱ्यांवर येते. तेथे चूक उरते १९.५, तिची तिप्पट ५८.५. म्हणजे मिळणारी वीज तेवढ्याच वेगापुरती आहे, आणि थाळी तेथेच थांबते. तिपटीऐवजी नऊपट करा, वेग ७०.२वर स्थिरावतो. पंचवीसपट करा, ७५वर स्थिरावतो, आणि चूक ३ उरते. ७८ मात्र कधीच येत नाही. कारण उघड आहे. या पद्धतीत वीज मिळते ती चुकीपोटीच; चूक संपली तर वीजही संपेल. अशा नियंत्रकाला थोडी चूक शिल्लक ठेवणे भागच असते.

मग पट आणखी वाढवावी, असे कोणालाही वाटेल. मुलीलाही तसेच वाटले. तिने पट वाढविली आणि थाळीने विलक्षण रूप धारण केले. ती झपाट्याने ७८च्या वर गेली, तेथून खाली कोसळली, पुन्हा उसळली. तबकडीवरील गाणे झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली हेलकावे खाऊ लागले. आजी आतून म्हणाल्या, “अगं, बुवांना काय झालं?”

हे हेलकावे एकोणिसाव्या शतकातील कारखानदारांनाही छळीत असत. गव्हर्नर जितका तरतरीत करावा तितके इंजिन कधी कधी अधिकच बेचैन होई. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८६८ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि कोणत्या परिस्थितीत असे हेलकावे आपोआप विरतील व कोणत्या परिस्थितीत वाढत जातील, हे गणिताने दाखविले. या शास्त्राचा तो एक पाया मानला जातो.

आमच्या दिवाणखान्यातील हेलकाव्यांचे मूळ शोधताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि तीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे. मुलीने थाळीच्या काठाला एक लहान चुंबक चिकटविला होता. तो समोरून गेला की यंत्राला कळे, एक फेरा झाला. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे पाऊण सेकंद. यंत्राला थाळीची बातमी मिळे ती पाऊण सेकंदाने एकदा, आणि तीही होऊन गेलेल्या फेऱ्याची सरासरी. म्हणजे बातमी हाती येईतो शिळी झालेली असे. थाळी मागे पडली आहे असे वाचून यंत्र जोराने वीज सोडी, तोवर थाळी सावरून पुढे निघालेली असे. पुढे गेली आहे हे कळून ते वीज तोडी, तोवर ती मागे पडू लागलेली असे. यंत्राचा हेतू चांगला, जोर भरपूर, हिशेबही बिनचूक. परंतु तो कालच्या चुकीचा इलाज आज करीत होता. शिळ्या बातमीवर जोरकस इलाज केला की चूक सुधारत नाही, उलट वाढते. न्हाणीघरात गरम पाणी यावयास वेळ लागतो म्हणून आपण नळ सोडीत जातो आणि मग एकदम चटका बसतो, हा अनुभव आपणही घेतला असेल.

म्हणून तिने जोर कमी केला नाही. आधी बातमी ताजी केली. चुंबकाऐवजी काळ्यापांढऱ्या रेघा आणि त्या पाहणारा प्रकाशाचा डोळा बसविला. रेघा साठ. आता एका फेऱ्यात साठ वेळा बातमी, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तेराहजारांश भागाने नव्हे, तेरा सहस्रांश भागाने एक. ७८ फेऱ्यांना सेकंदाला बरोबर ७८ रेघा जातात, हा हिशेबाचा आणखी एक लाभ.

येथेही एक अडचण आडवी आली. रेघांची कागदी पट्टी थाळीच्या काठाभोवती गुंडाळली होती. थाळीचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. एका रेघेचे अंतर दीड सेंटिमीटरच्या किंचित वर. पट्टीची दोन टोके जुळली तेथे एक मिलिमीटर चूक राहिली, आणि यंत्राला दर फेऱ्यास त्या जागी वेग एकदम सहा टक्क्यांनी बदलल्याचा भास होऊ लागला. थाळी बिचारी सरळ फिरत होती. खोटी बातमी ऐकून यंत्रच तिला धक्के देत होते. अखेर तिने रेघांचे अखंड वर्तुळ एका कागदावर छापून घेतले आणि थाळीच्या खालच्या अंगास, मध्याशी काटेकोर जुळवून, चिकटविले. वर्तुळाला जोड नसतो. बातमी ताजी हवी हे खरे, पण ती खरीही हवी.

आता पट वाढविता आली आणि थाळी शांत राहिली. तरी ती थोडी शिल्लक चूक होतीच. तिच्यासाठी दुसरा नियम आहे. यंत्राने चुकांची एक खतावणी ठेवावयाची. दर क्षणाची चूक, लहान असो वा मोठी, तीत जमा होत जाते, आणि त्या साठलेल्या थकबाकीच्या प्रमाणात वीज दिली जाते. चूक कणभर उरली तरी थकबाकी वाढत राहते आणि वीज हळूहळू वाढते. चूक शून्य झाली की खतावणीत भर पडणे थांबते. पण आधीची रक्कम तशीच राहते आणि ती थाळीला ७८वर धरून ठेवण्यास पुरते. याला समाकली नियंत्रण म्हणतात. पहिल्या नियमाला फक्त आत्ताचे दिसते. दुसऱ्याला स्मरण आहे.

परंतु स्मरणशक्तीचाही अतिरेक होतो. थाळी उभी असताना यंत्र सुरू केले की तिला वेग घ्यावयास काही सेकंद लागतात. मोटर पूर्ण जोरावर असते, त्याहून अधिक तिला करता येत नाही. आणि इकडे खतावणीत चुकांचा डोंगर साचत असतो. थाळी ७८वर पोचली तरी तो डोंगर तिला पुढे लोटतो आणि ती नव्वदीपर्यंत जाऊन मग परतते. यावर उपाय असा की मोटर पूर्ण जोरावर असताना खतावणी मिटून ठेवावयाची. जे फेडणे शक्यच नाही त्याची थकबाकी लिहीत बसू नये, हा नियम मुलीने चार ओळींत लिहिला आणि थाळी मर्यादेत वागू लागली.

तिसरा नियम अटकळीचा. चूक वाढत आहे की घटत आहे, आणि किती झपाट्याने, हे पाहून आधीच हात आखडता घ्यावयाचा. याला अवकली नियंत्रण म्हणतात. हे तिन्ही नियम एकत्र चालविणाऱ्या यंत्राला पीआयडी नियंत्रक हे नाव आहे. निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने १९२२ साली त्याचे गणित मांडले, ते जहाजांच्या सुकाणूसाठी. अनुभवी सुकाणूधारी जहाज किती भरकटले एवढेच पाहत नाही. ते किती वेळ भरकटलेले आहे आणि किती झपाट्याने वळत आहे, हेही मनात धरतो. मिनॉर्स्कीने माणसाच्या या शहाणपणाला समीकरणाचे रूप दिले. आमच्या थाळीवर मात्र हा तिसरा नियम मुलीने वगळला. अटकळ बांधणारे यंत्र मोजणीतील बारीकसारीक थरथरीलाही मोठ्या संकटाची चाहूल समजते. जड थाळी मुळातच आपला वेग सहसा सोडीत नाही. तिला दोन नियम पुरले. जेथे वस्तूच्या अंगी धीर असतो, तेथे नियंत्रकाला फार धावपळ करावी लागत नाही.

आपल्या घरातील कोणी मुलगा वा मुलगी असा प्रयोग करीत असेल, तर जुळणीचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रथम खतावणी आणि अटकळ दोन्ही बंद ठेवावीत. अनुपाती पट हळूहळू वाढवीत न्यावी आणि जेथे थाळी न विरणारे, सारख्या उंचीचे हेलकावे घेऊ लागेल ती मर्यादा टिपून ठेवावी. मग पट त्या मर्यादेच्या निम्म्याहून किंचित खाली आणावी. झीग्लर आणि निकोल्स या दोन अभियंत्यांनी १९४२ साली सांगितलेला हा ठोकताळा आजही आरंभासाठी वापरतात. अनुपाती आणि समाकली अशा जोडनियंत्रकासाठी त्यांनी ०.४५ हा आकडा दिला होता. त्यानंतर खतावणीचा जोर थोडाथोडा वाढवावा आणि दर वेळी थाळीला बोटाने हलकेच अडवून पाहावे. ती दबून, एकदाच किंचित वर जाऊन, शांत झाली तर जुळणी चांगली. दोनदा-तीनदा झुलली तर जोर अधिक झाला. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदलले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळत नाही.

यंत्र सांगते तो वेग खरा कशावरून? यासाठी तपासनीस दुसराच हवा. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि तिच्यावरील साधी निऑन बत्ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ७७ रेघांचे वर्तुळ थाळीवर ठेवून या बत्तीखाली पाहिले, तर मिनिटाला ७७.९२ फेरे असताना रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्या पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. ही जुनी आणि स्वस्त युक्ती आहे.

तबकड्यांविषयीही एक सूचना येथेच करतो. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. स्पिरिटात लाख विरघळते. आणि तिच्यासाठी रुंद खाचेची सुई वापरावी. अलीकडच्या तबकड्यांची बारीक सुई चालत नाही.

थाळी तयार झाली त्या रविवारी मुलीने मला विचारले, “काका, उपग्रहांत अशीच चाके असतात ना?” तिचा प्रश्न त्या जागी शोभणारा होता. इंदिरानगरहून जुन्या विमानतळ रस्त्याने निघाले की विमानपुरा येथे यू. आर. राव उपग्रह केंद्र लागते. १९७२ साली स्थापन झालेल्या या केंद्रात देशाचे उपग्रह घडतात. उपग्रहाला अवकाशात वळावयाचे असेल तर टेकण्यास जमीन नसते आणि कापण्यास हवा नसते. म्हणून त्याच्या पोटात फिरती चाके ठेवतात. चाकाचा वेग मोटरने वाढविला की उपग्रहाचे अंग उलट दिशेस किंचित वळते. वेग कमी केला की दुसऱ्या दिशेस. चाकाचा वेग जितका काटेकोर, तितकी उपग्रहाची नजर स्थिर. आपली अशी चाके तिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या संस्थेत तयार होतात, आणि मंगळाकडे गेलेल्या यानातही अशी चार चाके होती.

त्या यानाने शिळ्या बातमीचा धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरविला. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळापाशी पोचले, तेव्हा पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटर होते. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या संदेशाला तेवढे अंतर काटण्यास साडेबारा मिनिटे लागत. मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी यानाचे इंजिन सुमारे २४ मिनिटे पेटवावयाचे होते. आरंभी काही बिघाड झाला असता तर त्याची बातमी बेंगळुरूस येऊन आपली दुरुस्ती परत पोचेतो सारे काम आटोपलेले असते. म्हणून बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रातील मंडळींनी आज्ञावली आधीच यानाच्या स्वाधीन केली होती. चूक जेथे घडते तेथेच ती पाहणारा आणि सुधारणारा हवा, हे त्यांनी जाणले होते. पाऊण सेकंदाची उशिरा आलेली बातमी तीन मिनिटांच्या गाण्याला झुलविते, आणि साडेबारा मिनिटांची उशिरा आलेली बातमी यान गमावण्यास पुरेशी होते. न्याय एकच.

आता आपल्या थाळीकडे परत येऊ. ७८ फेऱ्यांवर गाणे स्थिर झाले, पण पेटीची काळी दोन दाबली तर षड्ज अजून जरा वरच होता. मुलगी वेगाचा आकडा थोडाथोडा खाली आणू लागली आणि आजी डोळे मिटून, चांगला कान ध्वनिक्षेपकाकडे करून बसल्या. ७७.५, ७७, ७६.५. मुलीचा हात ७६वर आला आणि आजींनी बोट वर केले. दोन फेऱ्यांचा फरक. सुमारे दोन श्रुती. ७९ रेघांचे दुसरे वर्तुळ छापून बत्तीखाली धरले. रेघा उभ्या राहिल्या.

तरीही गाण्यात दर फेऱ्याला एक अगदी बारीक लाट उरली होती. मुलगी पुन्हा नियंत्रकाचे आकडे चाळू लागली. दोष मात्र तेथे नव्हता. तबकडीचे मधले भोक मध्यापासून काहीसे सरकलेले होते. ते एक मिलिमीटर जरी सरकले तरी दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या खाचेवर वेग एका टक्क्याने वरखाली होतो. थाळी बिनचूक फिरत होती, पण तिच्यावरची तबकडी वाकड्या वर्तुळात फिरत होती, आणि नियंत्रक पाहत होता तो थाळीला. जे मोजलेच जात नाही ते कोणताही नियंत्रक सुधारू शकत नाही. मुलीने तबकडी हाताने किंचित सरकवून, खाच मध्याशी येईल अशी बसविली. आकड्यांनी जे झाले नाही ते दोन बोटांनी झाले.

मग ते गाणे पुन्हा पहिल्यापासून लागले. आजींनी पेटी पुढे ओढली. भात्याला हात घातला आणि बोट काळी दोनवर ठेवले. तीन मिनिटे तबकडीतला गळा आणि पेटीचा स्वर एकमेकांत मिसळून राहिले. कोण कोणाला साथ करीत आहे हे कळेनासे झाले. गाणे संपल्यावर सुई शेवटच्या खाचेत खरखरत राहिली. ती उचलण्याचे कोणाला सुचले नाही. आजी म्हणाल्या, “इथेच अण्णा थांबायचे आणि म्हणायचे, आता दुसरी बाजू.”

मुलीने तबकडी उलटली.

वाचकहो, लगाम सैल सोडला तर घोडा भरकटतो आणि सारखा हिसकला तर बावचळतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. शास्त्राने त्यात एवढीच भर घातली आहे की चांगल्या स्वाराचे कौशल्य हाताच्या जोरात नसून घोड्याची हालचाल तत्काळ जाणण्यात असते. वर्षाअखेरीस गुणपत्रिका पाहून मुलावर एकदम बरसणारा बाप आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटे त्याची वही पाहणारी आई, यांत स्थिरता कोणाच्या हाती लागेल, हे आता निराळे सांगावयास नको. लक्ष जवळून असावे, बातमी ताजी आणि खरी असावी, इलाज बेताचा असावा आणि थोडे स्मरण ठेवावे. एवढे साधले की थाळी आपल्या चालीने फिरते, आणि तिच्यावरचे गाणे आपल्या सुरात लागते.